आटलेल्या गाईची बातमी

"हिला बोलता येतंय का न्हाई? का नुसतं ऐकायचीच नोकरी हाय?"

हे मला हेडफोनमधून ऐकू आलं. वडवणीच्या बाजूला एका सहकारी दूध संघाने दुष्काळात चालवलेल्या चारा छावणीत मी मायक्रोफोन धरून उभी होते आणि गुरांच्या रवंथाचा आवाज रेकॉर्ड करत होते. पलीकडच्या दावणीला बसलेल्या दोन बाया अगदी हळू बोलत होत्या. चांगला मायक्रोफोन तेवढंही उचलून आणतो, हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं.

"विंग्रजी शाळेतली हाय," दुसरी म्हणाली. "त्यांना आदी मनात जुळवावं लागतंय."

"मग दिवाळीपतूर जुळंल."

दोघी हसल्या. मलाही हसू येत होतं, पण हसले असते तर मी ऐकल्याचं त्यांना कळलं असतं. मी खाली मान घालून रेकॉर्डरकडे बघत राहिले.

तेव्हा मी एका परदेशी रेडिओत होते. आपल्याकडच्या माणसांच्या मुलाखती आल्या की त्यांच्यावर इंग्रजी आवाज चढवायचा, हे माझं काम. मुलाखतीतल्या बाईचं पहिलं वाक्य तिच्या भाषेत ऐकू येतं, मग तिचा आवाज खाली जातो आणि वर माझा येतो. कुणाचं घर पुरात गेलेलं असे, कुणाचा मुलगा परत आलेला नसे. त्या सगळ्यांचं बोलणं मी काचेच्या खोलीत एकटीने बोलले होते. काम संपलं की कोट घालून, कुणाशी काही न बोलता खोलीवर जायचे. कितीतरी दिवस असे गेले की मी उच्चारलेला प्रत्येक शब्द दुसऱ्या कुणाचा तरी होता.

बीडचा दुष्काळ बातम्यांत आला तेव्हा संपादकाला आठवलं की मी तिथलीच. तो म्हणाला, "या वेळी बातमी तुझी आणि आवाजही तुझा. चांगली झाली तर तुला बातमीदार करून तिकडेच ठेवतो." नाही झाली तर काचेची खोली होतीच.

म्हणून मी त्या हसणाऱ्या बायांपैकी थोरलीकडे गेले. ताडपत्रीखाली तिची चूल, दोन पातेली, एक गोधडी आणि शेजारी बांधलेली गाय. नवरा आणि मुलं गावाकडे, ती गाईबरोबर इथे. मी तिला सांगितलं की माझं गावही याच जिल्ह्यातलं, घाटनांदूरकडचं. "आसं का," ती म्हणाली आणि माझ्या हेडफोनकडे बघत राहिली. मग नीट, विचार करून उत्तरं देऊ लागली. पाण्याचा टँकर कधी येतो, उसाचं वाढं खाऊन गुरांची तोंडं कशी सोलतात, सगळं.

शेवटी मी विचारलं, "गाय दूध किती देते?"

तिने गाईच्या पाठीवर हात ठेवला. "कुठलं दूध, बाई. कवाच आटलीय ती."

"मग इथे कशाला राहता, मावशी?"

"आता तिला एकटीला कसं सोडावं?"

मला भरून आलं. वडवणीत येऊन, नेट मिळाल्याबरोबर, मी ते रेकॉर्डिंग पाठवून दिलं.

संध्याकाळी संघाची दुधाची गाडी छावणीच्या तोंडाशी येते. मला नुसता कॅनचा आवाज हवा होता, म्हणून मी परत छावणीत आले. रांगेत ती होती. हातात भरलेली किटली. माप घेणारा मोठ्याने म्हणाला, "मावशे, दुष्काळ तुझ्या गाईला कळला न्हाई वाटतं."

"हळू बोल की रं," ती म्हणाली. तेवढ्यात तिने मला पाहिलं आणि किटलीवर पदर ओढला.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. सुट्टीत घरी आले की मी हेच ऐकायचे. पाहुण्याने म्हशीचं विचारलं की आई "कुठलं काय, आटलीय" म्हणायची आणि त्याच म्हशीच्या दुधाचा चहा त्याच्यापुढे ठेवायची. दुधाला दृष्ट लागते. घरच्या माणसाला खरं सांगायचं, बाहेरच्याला नाही. घाटनांदूरचं नाव सांगूनही त्या बाईने मला बाहेरच्यात धरलं होतं. तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. परतीच्या जीपमध्ये बाकीचे प्रवासी टँकरवरून भांडत होते, आणि मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी संपादकाचा फोन यायचा होता. छावणीत पाण्याच्या हौदापाशीच रेंज येते, म्हणून तिथे जाऊन उभी राहिले.

"ती आटलेली गाय," तो म्हणाला. "सुरुवात तिथूनच करू. इथे सगळ्यांनी ते दोन-दोनदा ऐकलं."

मी म्हटलं, त्यात थोडी अडचण आहे.

"कसली? ती स्वतः म्हणाली ना? आवाज तिचाच आहे, आपण काही जोडत नाही."

हेही खरंच होतं. इथलं कुणी तो रेडिओ ऐकत नव्हतं आणि तिथलं कुणी इथे गाय बघायला येणार नव्हतं.

"आणि ते काढलं तर उरतं काय?" तो म्हणाला. रागाने नाही, समजावणीच्या सुरात. "टँकर, चारा, या बातम्या सगळ्यांनीच दिल्यात. मग मला दुसऱ्या कुणाला तरी पाठवावं लागेल. वापरायचं ना?"

ती बाई गाईला पाण्यावर घेऊन आली होती. गाय हौदात तोंड घालून पीत होती आणि ती माझ्याकडे न बघता तिच्या मानेवरच्या गोचिड्या काढत होती. एरवी मी संपादकाला "हो, ठीक" म्हणून फोन ठेवायचे. ते दोन शब्द तोंडाशी आले होते. बाईला इंग्रजी कळणार नव्हतं, तरीही मी तिच्याकडे पाठ केली.

"गाय आटलेली नाही," मी म्हणाले. "आमच्याकडे बाहेरच्या माणसाला दुधाचं खरं सांगत नाहीत, आणि त्यांच्या दृष्टीने बाहेरची मी आहे. ते वाक्य वापरायचं नाही."