बंद नाकाचा माणूस आणि घर चुकलेले मासे

आमच्या शेजारचे भाऊजी मत्स्यबीज केंद्रात माशांची पिल्लं वाढवतात. गल्लीत त्यांना 'बंद नाक' म्हणतात, अर्थात पाठीमागे. तरुणपणी ताप डोक्यात गेला आणि वास जो गेला तो गेलाच. दूध नासलंय का, गॅस सुटलाय का, सदरा कालचाच आहे का, सगळं वहिनींनी हुंगून सांगायचं. वहिनींनी मान हलवली की भाऊजी निर्धास्त.

आणि अशा माणसाचा आवडता विषय कोणता, तर माशाचं नाक! कुंपणापाशी कुणी सापडला की सुटका नाही. माशाच्या नाकाला प्रत्येक बाजूला दोन भोकं, पुढच्यातून पाणी आत, मागच्यातून बाहेर. घशाशी काही संबंध नाही, कारण श्वासाचं काम कल्ल्यांकडे. मधल्या खळग्यात फुलाच्या पाकळ्यांसारख्या घड्या, त्यांना वास कळतो आणि तिथून मज्जातंतू थेट मेंदूत. त्यांचे मासे पिल्लू असताना ओढ्याच्या पाण्याचा वास डोक्यात साठवून समुद्रात जातात आणि मोठे झाले की तोच वास धरून अंडी घालायला परततात. मी म्हणायचे, "आमच्या ह्यांना असं एखादं नाक बसवून द्या, कोपऱ्यावरून घर सापडत नाही." भाऊजी हसायचे नाहीत. विषय गंभीर.

यंदा तर फारच गंभीर होता. या हंगामात मासे ओढ्यात परतले नाहीत तर केंद्राला कुलूप, असं वरून बजावलं होतं. भाऊजी रोज गुडघाभर पाण्यात उभे. मासा एक नाही.

मग बातमी आली की खाली नदीकाठी वहिनींच्या भावाचं नवं तळं माशांनी फुटायला आलंय. हा मेव्हणा पूर्वी भाऊजींच्याच हाताखाली होता. यंदा परतायचे ते मासे पिल्लं असताना, सोडण्याआधी काही आठवडे टाक्या त्याच्यावर सोपवून भाऊजी निवांत झोपले होते. घरचाच माणूस!

भाऊजी तळ्यावर गेले. मेव्हण्याने मोठ्या मनाने एक मासा बांधून दिला. घरी येऊन त्यांनी मागच्या पायरीवर पाट मांडला, माशाचं नाक उघडलं. वहिनी पाणी घेऊन उभ्या, मी कुंपणाला टेकून. मला बोलवावं लागत नाही.

"नाक ठणठणीत आहे," भाऊजी पुटपुटले. "मग घर चुकले कसे?"

तळ्यात उतरून भिजलेली त्यांची विजार दोरीवर होती, वाऱ्याबरोबर भपकारा आला. पेपरमिंटचा. मी आपली सवयीने बोलून गेले, "भाऊजी, मेव्हण्याच्या खोकल्याच्या औषधात बुडून आलात की काय? टाक्यांवर होता तेव्हाही असाच घमघमायचा. मी चिडवायचे, कुणासाठी एवढं अत्तर? वहिनींनीच सांगितलं होतं, खोकल्याचं औषध चोळतो म्हणून."

भाऊजींचा सुरा थांबला. "त्याला कधी खोकला झाला?"

माझ्या बारीक डोक्यातही उजेड पडला. पठ्ठ्याने पिल्लांच्या टाक्यांत तो पेपरमिंटचा अर्क थेंब थेंब सोडला होता आणि आता आपल्या तळ्यातून नदीला मिळणाऱ्या पाटात तोच सोडत होता. मासे बिचारे इमानाने आले, जिथला वास शिकवला तिथे.

"तुला येत होता वास?" भाऊजींनी विचारलं.

वहिनी तांब्याकडे बघत म्हणाल्या, "येत होता. टाक्यांत टाकतो तेही कळलं होतं. भाऊ आहे माझा, त्याचं कुठेच बस्तान बसत नव्हतं."

"आणि माझं? या घरात दुसरं नाक कुणाचं होतं गं?"

वहिनींनी तांब्या पायरीवर ठेवला आणि आत गेल्या. माशाला मांजराने नेलं, भाऊजींनी हाकललंसुद्धा नाही.

केंद्र बंद झालं. भांडण असं ऐकू आलं नाही, आणि माझ्या कानांवर तुमचा विश्वास असू द्या. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी दुधाचं पातेलं घेऊन माझ्या दारात.

"जरा बघता का, नासलंय?"

मी हुंगलं. चांगलं होतं. त्यांच्या खिडकीचा पडदा जरासा बाजूला झालेला होता. तेव्हापासून पातेलं रोज येतं.