सालोमेच्या आधी येणारे बूट

सालोमे कुणाकडे जायला निघाली, की तिच्या आधी तिचा नवरा तिथे पोचायचा. आणि नवरा जाऊन तर चार वर्षं झाली होती. तो कुणाला दिसायचा नाही. आधी पडवीचं दार लागायचं, मग ओल्या बुटांची दोन-तीन पावलं, पचाक, पचाक, आणि मग एकेक बूट काढून जमिनीवर टाकल्याचा आवाज. घरातल्या बाईला एकाएकी जांभया सुटायच्या. ती उठून बघायची तर पडवीत चिटपाखरू नसायचं. मग ती निमूटपणे कॉफीचं आधण ठेवायची, कारण आता थोड्याच वेळात सालोमे येणार हे ठरलेलं.

आमच्याकडे, आइसलंडच्या या पश्चिम टोकाला, असल्या गोष्टीचं कुणाला फारसं नवल नाही. प्रत्येकाची काही ना काही सोबत असते आणि ती माणसाच्या पुढे धावते. कुणाची कुत्र्याच्या रूपात, कुणाची नुसत्या जांभईच्या. पोस्टातल्या बाईची सोबत म्हणे किल्ल्या वाजवते. लोक एकमेकांच्या सोबतीची चेष्टाही करतात. पण सालोमेच्या नवऱ्याची, तोर्फीची, चेष्टा कुणी केली नाही आणि सालोमेला कुणी काही सांगितलंही नाही. सगळ्या गावाला माहीत, फक्त तिलाच नाही, अशी दोन वर्षं गेली.

सालोमे मासळीच्या कारखान्यात कामाला होती. तिथे दिवसभर जमिनीवर पाणी आणि पायात रबरी गमबूट. त्यामुळे ओल्या पायाचा तिला भारी तिटकारा. पाय भिजला की माणसाचं डोकं चालेनासं होतं, असं तिचं ठाम मत. सुट्टीच्या दिवशी ती डोंगरात हिंडायची. बुटांबद्दल तिला इतकी मतं होती आणि ती इतक्या मोठ्याने मांडली जायची, की जवळच्या शहरात दुकान चालवणाऱ्या हाफ्लिदीने शेवटी हात टेकले आणि तिलाच कामाला लावलं. नवीन प्रकारचा बूट मागवायच्या आधी तो एक जोड तिच्याकडे पाठवायचा. ती तो बरेच दिवस वापरायची आणि मग दुकानात येऊन निकाल द्यायची. ‘चालेल’, नाहीतर ‘परत पाठव’. त्याहून जास्त बोलायची वेळ आली तर हाफ्लिदीची खैर नसे.

तिची पद्धत साधी होती. ओढ्यात, बुटाच्या जिभेपर्यंत पाणी येईल इतक्या खोलीत, उभं राहायचं आणि कंटाळा येईपर्यंत गाणी म्हणायची. घरी येऊन बुटात टिपकागद कोंबायचा. कागद ओला निघाला तर बूट बाद. शेवाळलेल्या काळ्या दगडांवरून उतरायचं. बोटं वाकतात तिथली शिवण पुन्हा पुन्हा वाकवून बघायची, कारण पाणी आधी तिथूनच शिरतं. टाच आत घसरत असेल तर मुकाट्याने दुसरा जोड मागायचा. घोट्याच्या खाली संपणारे हलके, पाणी न शिरणारे बूट तिच्या खास आवडीचे. सकाळी निघून संध्याकाळी घरी यायचं असेल तर माणसाने दुसरं काही घालूच नये, असं ती म्हणायची.

तोर्फी मात्र घोट्यावर चढणारे जुने चामडी बूट घालायचा. त्यावरून दोघांची नेहमी जुंपायची.

“एक दिवस चालायला एवढं ओझं? पाय आहेत की बोटीचे नांगर?”

“माझे पाय, माझे नांगर. तुला काय त्रास?”

“तुझ्यासाठी थांबून थांबून माझे पाय गोठतात, हा त्रास.”

चार वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात हाफ्लिदीने तसलाच, घोट्याखाली संपणारा, एक राखाडी जोड पाठवला. सालोमेने तो ओढ्यात उभा केला, दगडांवर घासला, चिखलात बुडवला. टिपकागद प्रत्येक वेळी कोरडा. ‘चालेल’ म्हणून ती थांबली नाही, तिने तसाच एक जोड तोर्फीसाठीही आणला. तो महिनाभर पडवीत पडून राहिला. मग सप्टेंबर आला, मेंढ्या कापायचे दिवस आले आणि तोर्फीच्या बहिणीने, बेग्गाने, दोघांना रक्ताचे सॉसेज करायला बोलावलं. बेग्गाचं शेत पठाराच्या पलीकडे. मोटारीने खाडीला मोठा वळसा पडतो. जुन्या पायवाटेने गेलं तर जेवणापर्यंत पोचता येतं.

सकाळी तोर्फीने आपणहून ते राखाडी बूट पायात चढवले.

“तू पीठ आणि पातेली घेऊन मोटारीने जा. मी चालत येतो. तू पास केलेत ना? बघू या.”

“आणि पाय कोरडे राहिले तर?”

“तर मरेपर्यंत तुझं ऐकेन.”

तो हसत गेला. दुपारी पठारावर बर्फाळ पाऊस सुरू झाला. बेग्गाच्या स्वयंपाकघरात दोघी नणंदा-भावजया कोपरापर्यंत रक्तात हात घालून बसल्या होत्या आणि सालोमे दर थोड्या वेळाने मनगटाने काच पुसून बाहेर बघत होती. संध्याकाळी बचाव पथक निघालं. पठारावरची काल्दा नदी गुडघ्याच्या वर चढली होती. नदीच्या अलीकडच्या काठाला चिखलात नव्या तळव्यांचे ठसे मिळाले, पलीकडे काहीच नाही. मग त्या वर्षी बर्फ लवकर पडला आणि शोध थांबला. पुढच्या उन्हाळ्यातही काही सापडलं नाही.

गावाने तिला एका शब्दाने बोल लावला नाही. आमच्याकडे असल्या बाबतीत लोक बोलत नाहीत, नुसते पायांकडे बघतात. पण सालोमेला दुसऱ्या कुणी बोल लावायची गरजच नव्हती. त्या हिवाळ्यात एकदा तिने आपला तसलाच राखाडी बूट घेतला, त्यात वरून पाणी ओतलं आणि तो खुंटीला टांगून ठेवला. सकाळी पाणी जसंच्या तसं. ज्या बुटात बाहेरचं पाणी शिरत नाही, त्यात वरून शिरलेलं पाणी बाहेरही पडत नाही. इतकी साधी गोष्ट, आणि तिने ती कधी तपासली नव्हती. नदीत उतरल्यावर बुटाच्या काठावरून आत गेलेलं बर्फाचं पाणी तोर्फी पायात घेऊन चालत राहिला असणार, पचाक, पचाक, तिच्या ‘चालेल’च्या शिक्क्यासकट.

तेव्हापासून तिच्या परीक्षेत एक भाग वाढला. बुटात ओढ्याचं पाणी भरायचं आणि ते निघून जाईपर्यंत चालायचं. या परीक्षेत कुठलाच बूट पास होईना.

“अगं, अशाने मला चपला विकायला लागतील,” हाफ्लिदी कळवळून म्हणाला.

“विक. चपलेतून पाणी तरी जातं.”

असंच दोन वर्षांनी एका हिवाळ्यात ती न सांगता बेग्गाकडे गेली, तर टेबलावर तिच्यासाठी कॉफी ओतून तयार.

“मी येणार हे तुला कुणी सांगितलं?”

“तोर्फीने,” बेग्गा बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मग सगळंच सांगणं भाग पडलं.

सालोमे कोट न काढताच खुर्चीत बसली. मग तिने विचारलं, “बूट ओले असतात?”

“जाऊ दे ना, सालोमे.”

“ओले असतात का, बेग्गा?”

“असतात. पचपचतात.”

“आणि काढतो तो?”

“काढतो. काढून आदळतो.”

“रागाने?”

“मला काय ठाऊक! माझा भाऊ दारसुद्धा कधी हळू लावायचा नाही.”

यापुढे सालोमेला दुसरं काही सुचेना. तिला एकदा, फक्त एकदा, तो आवाज स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता. आदळण्यात राग आहे की नाही हे तिच्याशिवाय कोण ओळखणार? लोकांना ती विचारत सुटली, आज कसा वाजला, आधी डावा की उजवा. लोक ओशाळून कॉफी ओतत राहिले. पण तो नेहमी तिच्या पुढे असायचा, आणि स्वतः पोचायच्या आधी कुणाच्या घरी जाऊन बसायची सोय माणसाला नाही. ती अर्ध्या वाटेतून धावत सुटली, मागच्या दाराने शिरली, बेग्गाच्या पडवीत अंधारात बसून राहिली. काही नाही. घरी परतताना तर तिचा जीव नुसता गलबलायचा. आपल्या आधी तो आपल्याच घरी येऊन गेला असणार आणि ऐकायला आत कुणीच नव्हतं. दार उघडताच ती वाकून जमीन चाचपायची. जमीन कोरडी असायची.

यंदाचा उन्हाळा कडक गेला. म्हाताऱ्यांनीही कधी उघडे न पाहिलेले दगड वर पठारावर बर्फाबाहेर आले. ऑगस्टच्या शेवटी एका दुपारी सालोमे स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती. कुठे जायचा तिचा विचार नव्हता. एकदम तिला जांभई आली. मग दुसरी, मग तिसरी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. हातातली सुरी तिने खाली ठेवली.

पडवीचं दार लागलं. पावलं आली. पचपचत नव्हती, सुकी, थकलेली पावलं होती. मग एक बूट निघाला आणि दुसरा निघाला, आणि दोन्ही आदळले नाहीत, ठेवले गेले.

ती भिंतीला धरून पडवीपर्यंत गेली. तिथे कुणी नव्हतं. आधी तिला इतका आनंद झाला की ती तिथेच जमिनीवर बसली. आणि बसल्या बसल्या तिच्या अंगावर काटा आला. सोबत येते ती कुणाच्या तरी पुढे येते. ती स्वतः तर घरातच होती. मग आज तो कुणाच्या पुढे आला होता?

ती उठली, तोंड धुतलं, चांगला स्वेटर घातला. थोड्या वेळाने दारात मोटार थांबली आणि बचाव पथकाचा प्रमुख स्टुर्ला आत आला. तोर्फीचा तो शाळेपासूनचा मित्र. त्याने बूट काढले, टोपी हातात घेतली आणि दाराशीच उभा राहिला.

“सापडला ना?” सालोमे म्हणाली.

स्टुर्लाने मान डोलावली. “काल्दाच्या वरच्या घळीत. बर्फ वितळला म्हणून. वाट चुकून तो उलटा वर गेला होता. एका मोठ्या दगडाच्या आडोशाला होता. मीच आत उतरलो.”

“बूट पायात होते?”

“सालोमे, ते आत्ता कशाला...”

“होते का?”

“नव्हते.” त्याने टोपी दोनदा फिरवली. “ऐक. थंडी फार झाली की शेवटी माणसाला गरम व्हायला लागतं. आपण कुठे आहोत ते कळत नाही. लोक कपडे काढतात, मी पाहिलंय. त्याने कोट काढून दगडाच्या टोकाला अडकवला होता. मोजे पिळून ठेवले होते. आणि बूट नाड्या सोडून नीट जोडीने ठेवलेले, चवडे दगडाकडे करून. भिंतीशी ठेवतात ना, तसे.”

लग्नाच्या पहिल्या हिवाळ्यापासून सालोमे त्याच्यामागे लागली होती, बूट काढलेस की चवडे भिंतीकडे करून ठेव, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येतात. जन्मात एकदाही त्याने ऐकलं नव्हतं.

“त्याला वाटलं, आपण घरी पोचलो,” स्टुर्ला हळूच म्हणाला. “बहिणीच्या दारात.”

“बहिणीच्या नाही,” सालोमे म्हणाली. “तिच्याकडे तो बूट कसेही भिरकावायचा. चवडे भिंतीकडे, हा हट्ट माझा. तो माझ्याकडे आला होता, स्टुर्ला. घरी आला होता. आणि मी तिकडे बेग्गाकडे त्याची वाट बघत बसले होते.”