आतून लावलेलं तोरण

विनायक गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच कामासाठी प्लायवूडच्या दुकानात उभा होतो. "भाऊजी, हे ट्रेलरमध्येच..." फोनवर त्याची बायको, शैलावहिनी. हार्ट अटॅक. हातातली फळी तशीच भिंतीला टेकवून मी निघालो.

लंडन, ऑन्टॅरिओत आम्ही जन्मभराचे शेजारी. रिटायर झाल्यावर या इंजिनियर गृहस्थानं कॅम्पिंगचा, गाडीमागे ओढायच्या खोलीसारखा एक म्हातारा ट्रेलर घेतला आणि दाराशेजारची खिडकी स्वतः नवी बसवली. वहिनींनी ट्रेलरला ओवाळलं, नारळ फोडला आणि हौसेनं तोरणासाठी दारावर बाहेरून, थेट पत्र्यात दोन स्क्रू पिळले. दोन हिवाळे गेले आणि दाराजवळचं आतलं पॅनल फुगलं. बोट लावलं तर चहात बुडवलेल्या टोस्टसारखं आत जाई. आम्ही ते उचकटलं. ओल सरळ त्या स्क्रूंच्या भोकांतून उतरली होती. मी तोंड उघडणार, तोच विनायकनं डोळे वटारले. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या.

"माझीच खिडकी लीक होतेय गं," तो म्हणाला.

"इंजिनियर म्हणे!" वहिनी हसल्या.

मग उन्हाळाभर तो कुजकं लाकूड काढत राहिला. पुठ्ठ्यावर माप बेतायचं, मग फळी कापायची, शिंप्याच्या वरताण काटेकोरपणा.

तो गेल्यावर वहिनींचा राग त्या खिडकीवरून हटेना. "एक खिडकी धड बसवता आली नाही ह्यांना. ती गळली नसती तर त्या हीटमध्ये प्लायवूड उचलत बसले असते का?" मी ऐकून घ्यायचो. खरं सांगावं तर खापर त्यांच्या माथी, न सांगावं तर त्याच्या. मला त्याचाच संताप यायचा... सोंग करून हा मोकळा, निस्तरायला मी.

गेल्या रविवारी उरलेलं पॅनल आम्ही बसवलं. वहिनींनी तोरण आणलं. दारावर, आतल्या नव्या लाकडात, विनायकनं दोन हूक आधीच लावून ठेवले होते.

"आतून का?" वहिनी बाहेर गेल्या. मी मागोमाग. त्यांच्या स्क्रूंच्या जागी भोकं बुजवणाऱ्या सीलंटचे दोन ठिपके, घासून गुळगुळीत केलेले. शेजारच्या खिडकीचं सील मात्र जुनंच, हातही न लावलेलं.

"खिडकी गळत नव्हती ना, भाऊजी?"

"नाही, वहिनी."

बराच वेळ त्या ठिपक्यांवर बोट फिरवत राहिल्या. मग पायरीवर बसल्या, तोरण मांडीवर घेऊन.

"इंजिनियर म्हणे... साधं खोटंही धड बोलता आलं नाही ह्यांना."