वाटा घ्या हो, वाटा!

अक्का, पाचोऱ्याच्या स्टेशनावर तू रडत होतीस आणि मी हसत होते, हे तू अजून प्रत्येक पत्रात काढतेस. काय करू? आईचा उपदेशच तसा होता. "बोटमा खिडकीजोडे बसजो, पन पानीकडे देखू नको." बोट म्हणजे पाण्यावर चालणारी बैलगाडी, अशी तिची समजूत. आबा मात्र तोंड फिरवून उभे होते. पोरगी धुळ्याला दिली असती तरी त्यांना लांब वाटलं असतं, ही तर समुद्रापलीकडे निघालेली. आमचे हे रंगूनला सरकारी बांधकाम खात्यात कारकून. लग्नानंतर वर्षभराने न्यायला आले. गाडी हलली तेव्हा माझ्या मांडीवर कळण्याच्या भाकऱ्यांचं गाठोडं होतं आणि डोक्यात नव्या बांगड्यांपलीकडे काही नव्हतं.

रडू आलं ते रंगूनला. लाकडी घर, वर आम्ही, खाली घरमालकीण. पहिल्याच दिवशी खालून मासळीच्या चटणीचा असा वास आला की नाकाला लावलेला पदर मी महिनाभर काढला नाही. मालकिणीचं नाव दॉ टिन. दॉ म्हणजे मावशी. बाई विधवा, बाजारात स्वतःचं कापडाचं दुकान, केसांत फूल आणि तोंडात अंगठ्याएवढी जाड चिरूट. आपल्या गावाला एवढं वर्षभर बोलायला पुरलं असतं.

दॉ टिनचं एक मंडळ होतं. दुकानदार, शिंपी, कारकून, घरच्या बायका, सगळी संसारी माणसं. बुद्धाने सांगितलेलं भिक्षूंवर सोपवून आपण नमस्कार करून मोकळं व्हायचं नाही, आपल्या घरातून, आपल्या दुकानातून ते करायचं, असं त्यांचं म्हणणं. जीव घ्यायचा नाही, चोरी नाही, खोटं नाही, दारू नाही, परक्या संसाराकडे वाकडी नजर नाही. "मग मासळी?" मी एकदा मोडक्या हिंदुस्तानीत विचारलं. चिरूट बाजूला करून बाई म्हणाल्या, "मैंने नहीं मारा. बाजार में मरा हुआ मिला." असं म्हणून स्वतःच खो खो हसल्या. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

संध्याकाळी मंडळी डोळे मिटून बसत. मीही बसले. श्वासाकडे बघायचं, तर माझं मन थेट आपल्या मळ्यातल्या वांग्यांवर गेलं आणि भरताच्या आठवणीने तोंडाला पाणी सुटलं. मग सगळ्यांचं भलं चिंतायचं. आधी आपलं, मग आवडत्या माणसाचं, मग अनोळख्याचं, शेवटी वैऱ्याचं. वैरी म्हणून मी दर वेळी आमच्या धाकट्या जावेला डोळ्यांसमोर आणायची आणि तिथेच अडायची. तिला सांगू नकोस.

पण मला खरा धक्का दिला तो त्यांच्या पुण्याने. आपल्याकडे कसं, या हाताचं त्या हाताला कळू नये. इथे उलटंच. वाटसरूंसाठी कोपऱ्यावरचे माठ भरले, की दॉ टिन पितळेची त्रिकोणी घंटा ठणठण वाजवून गल्लीला ओरडून सांगायच्या, "अम्या! अम्या! अम्या!" म्हणजे, वाटा घ्या हो, वाटा! ऐकणाऱ्याने "थादू" म्हणायचं. आपलं साधू, साधूच ते. तेवढं म्हटलं की पुण्याचा वाटा त्याला पोचला. मला मेलीला लाज वाटायची. चार घागरी पाणी ओतलं त्याची दवंडी कसली? बाई म्हणायच्या, "एकटीनं खाल्लेलं पुण्य पचत नाही."

मग ते वाईट दिवस आले. काम कोणाला मिळावं यावरून बंदरावर आपल्याकडचे हमाल आणि इथले हमाल एकमेकांच्या अंगावर धावले. दॉ टिनचा धाकटा भाऊ बा थिन बंदरावरच कामाला होता, त्याचा हात मोडला. तो बहिणीकडे राहायला आला आणि वरच्या हिंदी लोकांना, म्हणजे आम्हाला, घराबाहेर काढ म्हणून हटून बसला. मला बघितलं की जिन्यावर थुंकायचा. गल्लीत आवई उठली की माठांत विष आहे. तेलुगू गाडीवाले म्हणत बर्मी लोकांनी घातलं, बर्मी म्हणत गाडीवाल्यांनी. माठ कोरडे पडले. आमचे हे दुसरी खोली शोधू लागले. आणि तेव्हा, अक्का, मला कळलं की हे घर सोडायला लागलं तर मी पाचोऱ्यात रडले नाही तेवढी इथे रडेन.

एका सकाळी दॉ टिन जिन्याखालून ओरडल्या, "घागर घेऊन चल." आमचे हे म्हणाले, "जाऊ नकोस, डोकी तापलेली आहेत." मी पदर खोचला आणि गेले. एक माठ त्यांनी भरला, एक मी. त्यांच्या माठातलं पाणी मी प्यायचं, माझ्यातलं त्यांनी, असं ठरलं होतं. आता खरं सांगते, आल्यापासून मी त्यांच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं. सोवळं-ओवळं समुद्र ओलांडूनही सुटलं नव्हतं. करवंटी हातात घेतली आणि आईचं नाव घेऊन घटाघटा प्यायले. विषाची भीती कुठल्या कुठे पळाली, कारण धर्म बुडाल्याचीच भीती मोठी होती!

दॉ टिननी माझ्या माठातलं पाणी पिऊन घंटा वाजवली. "अम्या! अम्या! अम्या!" एका बाजूला गाडीवाले, एका बाजूला बर्मी दुकानदार. कोणी तोंड उघडेना. त्यांनी पुन्हा पुकारलं. आमच्याच पायरीवर बा थिन झोळीत हात अडकवून बसला होता. तो शिवी द्यावी तशा आवाजात म्हणाला, "थादू." लगेच दुकानांतून "थादू", गाड्यांवरून "साधू". मी तर ओरडलेच! बा थिन उठला, माझ्या माठातलं पाणी प्यायला आणि बहिणीला म्हणाला, "पाणी गरम आहे. हिला माठ सावलीत ठेवायला सांग." अक्का, एवढा गोड टोमणा मी सासरी कधी ऐकला नाही.

सगळं रंगून काही त्याने शांत झालं नाही, पण आमच्या गल्लीत पुन्हा कोणाच्या अंगाला हात लागला नाही. खोलीचा शोध थांबला.

मागे भाच्याच्या जावळाला मी माहेरी आले होते, ते तुला आठवतंच. आठव्या दिवशी चुलीपाशी बसल्या बसल्या मी म्हणून गेले, "आता घरी जायला हवं." तू चमकून बघितलंस. मला वाटलं, आईला लागलं. ती भाकरी थापतच म्हणाली, "जाय माय. तुना घरना बठ्ठासले मना रामराम सांगजो."

सांगितला सगळ्यांना. दॉ टिन थादू म्हणाल्या, आणि बा थिन विचारत होता, आई कधी येणार?