निखाऱ्याला एक खबर

आवडाकाकीच्या घरून विस्तव आणायचा म्हणजे हातात खापरी आणि तोंडात खबर, दोन्ही घेऊन जावं लागे. नुसती खापरी घेऊन गेलात तर काकी चुलीकडे बघत बसे, तुमच्याकडे बघतच नसे. मी लग्न होऊन बाळकुमात आले तेव्हा पहिल्याच सकाळी सासूने मला खापरी देऊन शेजारी पिटाळलं. मी शहाणी, दारात उभी राहून म्हणाले, "काकी, विस्तव द्या."

"बस गो," काकी म्हणाली. "काय खबर?"

मला गावात येऊन एक रात्र झालेली. मला कुठली खबर? शेवटी माझ्या माहेरी, कोपरला, चुलत्याची म्हैस मेली होती ते सांगितलं. काकीने जरा विचार केला आणि चिमट्यात धरून एक बारका निखारा दिला. म्हैस परगावची होती ना.

पण विस्तव तिचाच घ्यावा लागे, कारण आळीत रात्रभर टिकायचा तो तिच्याच चुलीत. निजायच्या आधी ती निखाऱ्यांवर भाताचा तूस घाली, तुसावर राख दाबी, आणि सकाळी राख सारली की खाली विस्तव जिवंत. हा विस्तव तिच्या सासूच्या हातचा. सासूने मरताना तिचा हात धरून सांगितलेलं, "चूल विझू देऊ नको." मरणाऱ्या माणसाने दुसरं काहीतरी सांगावं, पोरांचं, शेताचं. पण नाही. काकी ही गोष्ट दर चार दिवसांनी सांगे, आणि आपण निखाऱ्यासाठी आलेलो असल्यामुळे ऐकून घ्यावी लागे.

काकी विधवा. एकुलता लेक राघो कल्याणच्या स्टेशनात इंजिनाला कोळसा भरण्याच्या कामावर, सुट्टी मिळाली तर घरी. म्हणजे दिवसभर घरात ती आणि तिची चूल. आम्ही बायका खापऱ्या घेऊन निघून गेलो की ती उरल्या निखाऱ्यावर मूठभर सुकट भाजून पेजेबरोबर खाई, मग सारवण, मग भात कांडणं. कांडता कांडता सकाळच्या खबरी मनात घोळवी. कुणाची सून रुसली, कुणाची कोंबडी कुणाच्या पडवीत अंडं घालते. दुपारी त्याच खबरी तिखटमीठ लावून ती आम्हालाच परत सांगे. मी सांगितलेली गोष्ट मी तिच्या तोंडून ऐकली की मलाही ती नवीन वाटायची, हे कबूल करायला हवं.

मग राघोने पेटी आणली. विलायती काडेपेटी. आईपुढे ठेवून म्हणाला, "आये, आता राखेत तोंड खुपसायचं काम नाय." काकीने ती पेटी उचलून कुठेतरी ठेवून दिली आणि त्याला जेवायला वाढलं.

पण आळीने पेटी बघितली होती. मग काय विचारता. ठाण्याच्या वाण्याकडे पेट्या मिळतात म्हणताच घराघरात पेटी आली. आमच्याकडेही आली. आमचे हे, पंढरी, मिठागरावरून घरी आल्यावर अंगणात बसून उगाचच एकेक काडी ओढत आणि ती विझेपर्यंत बघत. विचारलं तर म्हणत, "चालते का बघतोय." एवढा आनंद त्यांना लग्नातही झाला नव्हता.

काकीकडे जाणं थांबलं. गरज सरो, वैद्य मरो. सकाळी ती राख सारून, चूल फुलवून, दाराकडे तोंड करून बसलेली मला आमच्या पडवीतून दिसे. कोणी येत नसे. एकदा मी सहज गेले तर सुकट तशीच पडलेली. म्हणाली, "सगुणा, मना तर जेवनच जात नाय गो. कोनी बोलाया नाय, तर काय खायाचं?" मला वाईट वाटलं. पण घरी पेटी होती आणि कामं होती. मी दुसऱ्या दिवशी गेले नाही.

आता आमची एक रीत सांगते. आम्ही मिठागरावर पोट असलेली माणसं. मीठ म्हणजे आमची लक्ष्मी. घरात जे काही मोलाचं ते मिठाच्या मडक्यात, वर ठेवायचं. माझी नथ तिथे, सासूच्या सोन्याच्या पुतळ्या तिथे. लक्ष्मीच्या मांडीवरून चोरही उचलत नाही म्हणतात. तेव्हा एवढी विलायती पेटी घरात आल्यावर ती कुठे ठेवणार? सगळ्या आळीने ती मिठात ठेवली.

मिठाला पाणी सुटतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. जन्म त्यातच गेला. पण नथ भिजली म्हणून काही बिघडत नाही, म्हणून कुणाच्या डोक्यात आलं नाही. थोड्याच दिवसांत काड्यांची डोकी ओढताच गळून पडू लागली. आमच्या ह्यांनी वाण्याला शिव्या दिल्या. पलीकडची मालन म्हणाली, साहेबाने मुद्दाम आपल्याला वाईट माल पाठवला. साहेबाला बाळकुमच्या मालनशी दुसरं काय काम!

आणि एकेक करून आम्ही खापऱ्या घेऊन परत काकीच्या दारात. मला वाटलं, आता टोमणे ऐकावे लागणार. पण काकी एवढंच म्हणाली, "विलायती आग ती. तिला आपली हवा मानवत नाय. बस. काय खबर?" इतक्या दिवसांच्या साचलेल्या खबरी होत्या. त्या दिवशी सगळ्यांच्या भाकऱ्यांना उशीर झाला.

पुढे थंडीत काकीला हिवताप आला. अंग फणफणलेलं, तरी चुलीशी कुणाला येऊ देईना. मी पेज नेऊन द्यायचे. एका सकाळी मी पेजेचं भांडं आणि खापरी घेऊन नेहमीपेक्षा लवकर गेले. दार लोटलेलं होतं. ते ढकललं आणि तशीच उभी राहिले.

चूल गार पडली होती. राख सगळी उपसलेली, खाली काही नाही. काकी चुलीपुढे उकिडवी बसलेली, पदर सुटलेला, गाल ओले. तापात तूस घालायचं राहिलं असणार. तिने हात वर करून चुलीवरच्या शिंक्यातून पेटी काढली. राघोने दिलेली तीच. धुरात टांगलेली, खडखडीत कोरडी. पहिल्याच ओढीला काडी पेटली. तिने ती गवताला लावली, गवत काटक्यांना लावलं, आणि वर शेणी ठेवून फुंकत राहिली. म्हणजे पेटी कुठे ठेवायची हे काकीला पहिल्यापासून ठाऊक होतं.

मग तिने मान वळवली आणि मला पाहिलं. पेटी पदराखाली गेली. मी पेज खाली ठेवली. शेणी धरून निखारा पडेपर्यंत मी तिच्याशेजारी बसून फुंकलं.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माझी सासू साऱ्या गावाला सांगे, आणि ते खरं होतं. तेवढ्यात मालन आली, खापरी पुढे करून म्हणाली, "काकी, तुमचा विस्तव म्हंजे पुन्याईचा. सासूच्या हातचा." काकी माझ्याकडे बघेना. मालनने कुणाच्या तरी जावयाची खबर सांगितली, निखारा घेतला, आणि गेली.

मी खापरी पुढे केली. काकीने चिमटा हातात घेतला.

"काय खबर?" ती म्हणाली.

"काय नाय, काकी," मी म्हणाले. "आज गावात कायच घडलं नाय."

तिने चुलीतला सगळ्यात मोठा निखारा उचलून माझ्या खापरीत ठेवला. खबर नसताना तिने कुणाला निखारा दिलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

घरी येऊन चूल पेटवली. आमची पेटी मिठाच्या मडक्यात होती. सुकवली असती तर कदाचित चालली असती, आणि आमच्याही चुलीवर शिंकं होतंच. मी झाकण उघडून नथ नीट ठेवली आणि पेटी होती तिथेच राहू दिली.