मावशींनी चालत पाहिलेलं हॉस्पिटल

स्ट्रेचर ढकलायला काय अक्कल लागते, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा भरलेलं स्ट्रेचर लिफ्टमधून बाहेर काढून दाखवावं, मग बोलावं. पुढची चाकं फटीत अडकतात, मागची अजून आतच असतात, पेशंट कण्हत असतो, त्याचा मेव्हणा सलाईनचा स्टँड घेऊन नेमका चुकीच्या बाजूला उभा असतो आणि तेवढ्यात लिफ्टचं दार मिटायला लागतं. हे सगळं एका वेळी सांभाळायचं आणि तोंडाने म्हणायचं, "काही नाही हं, पोचलोच आपण."

मावशी हे काम सव्वीस वर्षं करत होत्या. त्यांना नाव होतं, पण ते हजेरीच्या वहीत. एरवी हॉस्पिटल चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांपासून पेशंटच्या नातवंडांपर्यंत सगळ्यांच्या त्या मावशी. ठेंगणी मूर्ती, खांदे मात्र पैलवानाचे. बोलणं मोजकं. ती कसर त्यांचा जोडीदार भरून काढायचा. स्ट्रेचरची पुढची बाजू धरणारा हा गृहस्थ पन्नाशी ओलांडलेला, आणि सकाळी कामावर आला की संध्याकाळी घरी जाईपर्यंत बोलत असायचा, म्हणून सगळे त्याला रेडिओ म्हणत. अर्धी भूल रेडिओच देतो, उरलेली डॉक्टर देतात, असं मेट्रनबाई म्हणायच्या.

कामावर आल्या की मावशी पहिलं काय करायच्या, तर स्ट्रेचरच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याला बँडेजची पांढरी पट्टी बांधायच्या. दोन गाठी, घट्ट. माणूस आडवा झाला, वर चादर आली, की मागून ढकलणाऱ्याला पुढचं टोक दिसत नाही. पट्टी दिसली की टोक कुठे संपतं ते कळतं. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. नव्या लोकांना त्या शिकवायला जायच्या तेव्हा ते हसायचे, आणि दुसऱ्या आठवड्यात गुपचूप पट्टी मागायला यायचे.

एवढी काळजी घेणाऱ्या बाईच्या फायलीत एक मेमो होता. अकरा वर्षांपूर्वीचा. लिफ्टमधून बाहेर पडून ऑपरेशन थिएटरकडे जाताना जुन्या इमारतीत एक काटकोनी वळण होतं. तिथे एकदा सलाईन धरून चालणारा नातेवाईक भिंतीशी अडकला, स्ट्रेचर पुढे गेलं, नळी ताणली आणि पेशंटच्या हातातली सुई निघाली. रक्त आलं, हात आठवडाभर सुजला. दुसऱ्या दिवशी मावशींना कागद मिळाला: कामात हलगर्जीपणा. खाली सही मोठ्या डॉक्टरांची. तेव्हा ते मोठे नव्हते, नुसतेच डॉक्टर होते. मावशी सातवीपर्यंत शिकलेल्या. 'हलगर्जीपणा' हा शब्द नीट वाचता येण्याइतक्या. त्यांनी कागदावर सही केली, घरी गेल्या, आणि त्या दिवसापासून त्या वळणावर एक अवाक्षर बोलल्या नाहीत. रेडिओसुद्धा तिथे गप्प व्हायचा, आता बोला.

तर हॉस्पिटलची नवी इमारत व्हायची ठरली. आर्किटेक्ट उंचापुरा, चाळिशीच्या आतला, हुशार माणूस. नकाशांच्या गुंडाळ्या आणायच्या सोडून त्याने दोन हेडसेट आणले. पोहायच्या चष्म्याचा थोरला भाऊ शोभावा असं ते यंत्र. वायर नाही, कॉम्प्युटरला जोडायचं नाही, डोक्याला पट्टा आवळला की न बांधलेली इमारत डोळ्यांसमोर उभी. मीटिंगच्या खोलीत फिरत्या खुर्च्या मांडल्या आणि प्रत्येक खात्यातलं एकेक माणूस बोलावलं. स्ट्रेचरवाल्यांतून मावशी. म्हणजे फोटोतून कुणी राहिलं नाही असं दिसायला.

बघायची रीत अशी की खुर्चीत बसायचं, हातातला रिमोट रोखायचा, जमिनीवर निळं वर्तुळ उमटलं की बटण दाबायचं. झालं, तुम्ही तिथे. सर्जनसाहेब एका उडीत थिएटरमध्ये गेले आणि दिव्यांवर खूश झाले. औषधवाले आपल्या खिडकीशी जाऊन बसले. मोठे डॉक्टर आपल्या नव्या खोलीत गेले ते पाच मिनिटं बाहेरच येईनात. खोलीला लागून पाहुण्यांसाठी छोटी बैठक होती, तिच्यात सोफा होता, त्या सोफ्यावर त्यांचा जीव जडला.

मावशींची पाळी शेवटची. त्या लिफ्टच्या दाराशी उतरल्या आणि तिथेच थांबल्या. मान डावीकडे वळवली. भिंती पांढऱ्याशुभ्र, जमीन चकचकीत, पण वळण तेच. जुन्या घरातलं मोडकं कपाट रंग देऊन नव्या घरात आणावं, तसं.

"साहेब, इथून थिएटरपर्यंत चालत कसं जायचं?"

"चालायला नको मावशी," आर्किटेक्ट म्हणाला. "रिमोट तिकडे धरा, बटण दाबा."

"पेशंटकडे रिमोट असणार का?"

खोलीत हशा पिकला. मावशींनी हेडसेट काढला, केस सारखे केले आणि विचारलं, "आत्तापर्यंत किती जणांनी बघितलं?"

"तुम्ही बाराव्या."

"त्यातलं या वळणावरून कोण गेलं?"

कोणीच गेलं नव्हतं. अकराच्या अकरा जण अलीकडून पलीकडे उडी मारून पोचले होते. वळण मधल्यामध्ये कोरं राहिलं होतं.

"पण स्ट्रेचर बसतं तिथे," तो म्हणाला. "सात फूट लांब, अडीच फूट रुंद. पॅसेज पाच फुटी. आम्ही हिशेब केलाय."

"एकटं स्ट्रेचर बसतं. एकटं स्ट्रेचर मी कधी नेलं नाही."

मोठे डॉक्टर खुर्चीतून उठले. "उद्या बारा वाजता नकाशावर सही आहे मावशी. आता नवं काही काढू नका." आणि आर्किटेक्टला समजावत म्हणाले, "त्यांचा त्या वळणाशी जुना हिशेब आहे."

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण मोठ्या माणसांना कुठे थांबावं ते कळत नाही, हा आजार सगळीकडे सारखाच.

मावशींचे यजमान निवृत्त बस ड्रायव्हर. संध्याकाळी ते बाल्कनीत कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. मावशींनी सगळं सांगितलं. त्यांनी चादरीचं दुसरं टोक मावशींच्या हातात दिलं.

"बस वळवताना पुढचं सगळ्यांना दिसतं," ते म्हणाले. "फुटपाथवर चढतं ते मागचं चाक."

"ते मला माहीत आहे."

"मग त्यांना सांग."

"सांगून ऐकत नाहीत."

"मग सांगतेस कशाला? बसव त्यांना बसमध्ये."

मावशी चादर धरून तशाच उभ्या राहिल्या. यजमान म्हणाले, "घडी घालणार आहेस की तंबू ठोकणार आहेस?"

सकाळी आठला मावशी मेट्रनबाईंच्या टेबलासमोर. मेट्रनबाईंनी ऐकून घेतलं. "मावशी, तुम्ही जाता जाता मलाही घरी बसवणार," असं म्हणाल्या आणि आर्किटेक्टला फोन लावला. त्या माणसाचं एक मानलं पाहिजे, त्याने आढेवेढे घेतले नाहीत. "हेडसेटला वायर नाही, मोठी जागा असेल तर खरंच चालता येतं," तो म्हणाला. आणि जरा थांबून, "आम्हीच कधी चाललो नाही. ऑफिसात खुर्चीत बसूनच बघतो."

दहा वाजता फिजिओथेरपीचा हॉल रिकामा केला. सायकली, दोऱ्या, चेंडू सगळं भिंतीला. आर्किटेक्टने रिमोटने जमिनीवर हद्द आखली. हॉलच्या लांबीरुंदीत लिफ्टचं दार, वळण आणि थिएटरचं दार खऱ्या मापाने बरोबर मावलं. हेडसेटमध्ये दिसेल ते भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांना दिसणार होतं. मावशी आणि रेडिओ खरं स्ट्रेचर घेऊन आले. मेट्रनबाईंनी सलाईनचा स्टँड धरला.

"पेशंट?" मावशींनी विचारलं. "रिकामं स्ट्रेचर खोटं चालतं."

मोठे डॉक्टर तोवर दारात येऊन उभे होते. गंमत बघायलाच आलेले. "मी होतो पेशंट. संपवा एकदाचं," म्हणत ते कोट काढून आडवे झाले. रेडिओ म्हणाला, "साहेब, पाय आत घ्या. मागच्या महिन्यात एकाने बाहेर ठेवले होते, तो आला होता पोटासाठी आणि गेला पायाला प्लास्टर घेऊन."

मेट्रनबाईंनी त्यांच्या मनगटावर सलाईनची नळी चिकटपट्टीने लावली. सुई नाही, नुसती नळी. मावशींनी हेडसेट चढवला, आणि तिथेच घोडं अडलं. डोळ्यांसमोर नवी इमारत झकास दिसत होती, पण हाताखालचं स्ट्रेचर दिसत नव्हतं. हाताला दांडा लागत होता, डोळ्यांना काहीच नाही.

"हे त्यात नाही दिसणार," आर्किटेक्ट म्हणाला. "त्याचं चित्र घालावं लागेल. दोन दिवस तरी."

"दोन दिवस कुठले," मोठे डॉक्टर आडव्यानेच म्हणाले.

मावशींनी हेडसेट कपाळावर सरकवला. खिशातून बँडेजची पट्टी काढली.

"रिमोट दिसतात ना यात?"

"रिमोट दिसतात."

"द्या इकडे दोन्ही."

एक रिमोट स्ट्रेचरच्या पुढच्या उजव्या कोपऱ्याला, नेहमीच्या जागी, दोन गाठी. दुसरा सलाईनच्या स्टँडला. आर्किटेक्ट बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "हे मला सुचायला हवं होतं." ते खरंच होतं.

"आता ऐका," मावशी आर्किटेक्टला म्हणाल्या. "साहेब, तुम्ही पडद्यावर बघा. कोणी भिंतीत शिरलं की 'भिंत' म्हणा. ज्याला भिंत लागली त्याने थांबायचं. खऱ्या भिंतीतून कोणी जात नाही."

स्ट्रेचर निघालं. लिफ्टच्या दारातून बाहेर, चार पावलं सरळ. "काही नाही हं, पोचलोच आपण," मावशी सवयीने म्हणाल्या आणि डावीकडे वळायला लागल्या. रेडिओ उलटा चालत पुढे.

"भिंत," आर्किटेक्ट म्हणाला. "पुढचा कोपरा."

मावशींनी स्ट्रेचर मागे घेतलं, पुन्हा तिरकं केलं. पाठीमागून दांडा फिरवताना त्यांच्या डोळ्यांसमोर एकदम करडा अंधार आला. पडद्यावर सगळ्यांनी पाहिलं, विटाही नाहीत, नुसती पोकळी.

"मी भिंतीच्या आत आहे," मावशी शांतपणे म्हणाल्या. "इथे जागा बरी आहे. पण पेशंट बाहेर आहे."

कोणी हसलं नाही. तिसऱ्यांदा त्यांनी स्ट्रेचर असं काही वळवलं की कोपरा वाचला, त्या स्वतः वाचल्या, रेडिओ वाचला. सव्वीस वर्षांचं कसब होतं ते. स्ट्रेचर पुढे सरकलं.

"भिंत," आर्किटेक्ट म्हणाला. "सलाईन."

मेट्रनबाई जागच्या जागी थांबल्या. स्ट्रेचर थांबायला दोन पावलं उशीर झाला. नळी ताणली, आणि चिकटपट्टी मनगटावरच्या केसांसकट फटकन निघाली.

मोठे डॉक्टर उठून बसले. आधी त्यांनी मनगट पाहिलं. तिथे लाल पट्टा उमटला होता. मग लोंबणारी नळी पाहिली. मग मावशींकडे पाहिलं, पण मावशींच्या डोळ्यांवर हेडसेट होता, त्यांना ते दिसलं नाही. रेडिओही बंद पडला, म्हणून मेट्रनबाईंनी मान वर करून बघितलं.

"सुई असती तर," मोठे डॉक्टर म्हणाले.

आर्किटेक्टने कॉम्प्युटर मांडीवर घेतला होता. "आतला कोपरा तिरका कापला तर सुटतं. तीन फूट. पण तिथे," त्याने घसा साफ केला, "तिथे साहेबांची बैठक आहे. सोफ्याची जागा जाते."

सगळे स्ट्रेचरकडे बघायला लागले. मोठे डॉक्टर मनगट चोळत होते.

"सोफा उभा ठेवता येतो साहेब," रेडिओ म्हणाला. "पेशंट नाही ठेवता येत."

मोठे डॉक्टर हसले. मनापासून, पोट हलेपर्यंत. "कापा," ते म्हणाले. "बैठकच काढून टाका. पाहुण्यांना बसू दे बाहेर."

अर्ध्या तासात भिंत सरकली. खरी भिंत सरकवायला महिना लागतो आणि बोलणी खावी लागतात, ती गोष्ट वेगळी. पावणेबाराला मावशींनी पुन्हा हेडसेट चढवला. मोठे डॉक्टर न सांगता आडवे झाले, नळी नव्याने चिकटवली. लिफ्ट, चार पावलं, वळण. आर्किटेक्ट पडद्याकडे टक लावून बसलेला, तोंडात 'भिंत' तयार. पण ती म्हणायची वेळच आली नाही. स्ट्रेचर एका दमात थिएटरच्या दाराशी जाऊन थांबलं. नळी सैल, मेट्रनबाई शेजारी, रेडिओ पुन्हा सुरू.

"पोचलो," मावशी म्हणाल्या.

बाराच्या सहीला पंधरा मिनिटं उशीर झाला, कारण सर्जनसाहेबांनाही चालून बघायचं होतं. मग औषधवाल्यांना. चालता चालता त्यांच्या खिडकीसमोर रांगेला जागाच नाही असं निघालं, ती वेगळी कटकट. त्या आर्किटेक्टच्या ऑफिसात म्हणे आता एक जुनं स्ट्रेचर आहे, आणि हॉस्पिटलचं काम असलं की आधी चालायचं, मग बसायचं.

सह्या झाल्यावर मोठ्या डॉक्टरांनी मावशींना बोलावलं. टेबलावर त्यांची फाईल उघडी होती.

"हा मेमो मी फाडतो," ते म्हणाले.

"फाडू नका."

"का?"

"फाडला तर मी म्हणेन तो नव्हताच, आणि तुम्ही म्हणाल दिलाच नव्हता. दुसरा कागद लावा त्याच्या मागे."

"काय लिहू?"

"जे झालं ते."

मोठ्या डॉक्टरांनी स्वतः लिहिलं. सदर घटना वळणाच्या सदोष रचनेमुळे घडली, कर्मचाऱ्याचा दोष नव्हता. मावशींनी तो कागद हातात घेतला आणि सावकाश, बोट फिरवत, वाचला.

"यात तो शब्द नाही," त्या म्हणाल्या.

"कुठला?"

"हलगर्जीपणा. आधीच्या कागदात आहे, तर याच्यातही पाहिजे. कोणाचा होता ते लिहा."

मोठ्या डॉक्टरांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. मग खाली एक ओळ वाढवली, सही केली, शिक्का मारला.

संध्याकाळी यजमानांनी झेरॉक्स दिव्याखाली धरून दोनदा वाचली. "हलगर्जीपणा असल्यास तो मेमो देणाऱ्याचा," त्यांनी शेवटची ओळ तिसऱ्यांदा मोठ्याने म्हटली. "असं लिहिलं? स्वतःच्या हाताने?"

"हो. आता चादरीचं टोक धरा," मावशी म्हणाल्या.