हरण आढळले नाही

आमच्या फैजपूरच्या नगरपरिषदेत शेतकरी मदत कक्ष सुरू झाला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. गावाची हद्द वाढल्यापासून नळपट्टी भरणारे निम्मे लोक केळीवालेच. त्यांचं गाऱ्हाणं नगरपरिषदेनं ऐकायचं नाही तर कोणी ऐकायचं? उद्घाटनाला आलेले पाहुणे म्हणाले, आता शहरांच्या हाती अधिकार आले. मग मला मराठी टायपिंग येतं म्हणून करवसुलीच्या टेबलावरून उचलून त्या खोलीत बसवलं. अधिकार म्हणजे एक टॅब, एक खुर्ची आणि एक भिंतीवरचा पंखा.

पहिल्याच आठवड्यात आमच्या गल्लीतली अक्का आली. एकटी बाई, नवरा गेल्यापासून बाग स्वतःच्या हिमतीवर सांभाळणारी. माहेर पारोळ्याकडचं; लग्नाला जन्म लोटला तरी तिची अहिराणी सुटली नव्हती. टॅबवर बोलून तक्रार नोंदवायची सोय होती. मी म्हटलं, "अक्का, इथं तोंड जवळ आणा आणि सांगा."

तिनं टॅबला दम दिल्यासारखं सांगितलं, "मनी बागमा हरण्या उना शे. बठ्ठी बाग जाई!"

बठ्ठी म्हणजे सगळी; आणि हरण्या म्हणजे केळीचा रोग, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. पानांवर पिवळे पट्टे पडतात, पोगा, म्हणजे मधलं गुंडाळलेलं कोवळं पान, सडतो, आणि मावा ही कीड तो रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. रोगट झाडं उपटून लांब पुरायची, एवढाच उपाय. टॅबनं मात्र लिहिलं: "प्रकार: वन्यप्राणी. प्राणी: हरण." आणि तक्रार वनखात्याकडे रवाना.

मी हसले. अक्काही हसली. मग मी दुरुस्त करायला बोट लावलं तर तो रकाना दाबलाच जाईना. साहेबांना दाखवलं; त्यांच्याही हातात नव्हतं. वरच्या कार्यालयात स्पीकरवर फोन लावला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलला. "मॅडम, हरण्या हा शब्द आमच्याकडे नाहीये. हे तिकीट बंद झालं की शेताच्या त्याच गट नंबरावर नवीन टाका."

अक्कानं विचारलं, "तिकीट? कोनती यस्टीनं?"

मी फोन ठेवला. संताप आला. केळीच्या पट्ट्यात कक्ष उघडायचा आणि हरण्या शब्द ठेवायचा नाही! आम्हाला चावी दिली होती, कुलूप मात्र दुसऱ्याच्याच दाराचं.

अक्काची खरी कोंडी पुढेच होती. झाडं उपटली तर पंचनाम्याला दाखवायला काही उरणार नाही, आणि पंचनामा नाही तर मदत नाही. नाही उपटली तर उरलेली बाग जाणार, वर शेजाऱ्याचीही. ती रोज कक्षात यायची, दारातूनच विचारायची, "माय, उनं का कोनी?" मी नकाराची मान हलवायचे. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

अखेर यावलकडून वनरक्षक मोटारसायकलवर आला. मीच त्याला बागेत घेऊन गेले. त्यानं बांधावर वाकून ठसे शोधले, मग पिवळी पानं पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अहो मॅडम, हा तर हरण्या! मी काय लिहू? माझ्या मोबाईलमध्ये हरण आहे किंवा नाही, दोनच खुणा आहेत." त्यानं "नाही"वर खूण केली. अक्कानं त्याला चहा पाजला. तो बिचारा मान खाली घालून प्यायला.

त्याच संध्याकाळी मेसेज आला: तक्रार निकाली. पाहणीत हरण आढळले नाही. आपले समाधान झाले का?

सकाळी टॅब घेऊन मी तडक तिच्या शेतावर गेले. नवी तक्रार आता घेता येणार होती. पण शेजारचे नाना बांधावर उभे होते, आणि त्यांच्या बागेच्या पहिल्या ओळीतल्या कोवळ्या पानांवर पट्टे दिसत होते.   ते पट्टे पाहून अक्कानं पहाटेच मजूर लावून बाग उपटायला घेतली होती. निम्मं रान उघडं पडलं होतं. रोगट झाडं सगळी खड्ड्यात गेली होती, वर मातीही पडली होती.

मी टॅब पुढे केला. अक्कानं पदरानं हात पुसले. इतक्या वर्षांत तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं असं मराठी ती एकेक शब्द सुटा करून बोलली, कचेरीत बोलावं तसं. "माझ्या, केळीच्या, बागेत, रोग, आला, आहे."

टॅबला सगळं कळलं. एक अक्षर चुकलं नाही. लगेच हिरवी खूण आली, आणि खाली ओळ: कृपया रोगग्रस्त झाडाचा फोटो जोडा.

मी ती वाचून दाखवली. अक्कानं बुजवलेल्या खड्ड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आते कसाना फोटू काढशी, माय?"